ब्राह्मीची जागा एप्रिलमध्ये निवडावी

प्रश्न असा आहे: माहेरच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पाटाच्या कडेला ब्राह्मी आपोआप माजते. मृगाचा पाऊस लागताच तिच्या वेली आणून फोंड्यातील घराच्या मागे, पागोळ्यांचे पाणी जिथे साचून राहते त्या ओलसर जागेत लावल्या. पंधरा दिवस त्या तरारल्या, मग पिवळ्या पडल्या आणि गणेश चवथीपर्यंत देठांसकट कुजून गेल्या. जिला ओल आवडते ती ओलीतच कशी मेली? पुन्हा लावायची तर केव्हा, कशी, आणि खत कोणते घालावे? ही ब्राह्मी रोजच्या जेवणात खाल्ली तर चालेल का?

पेरांवरची मुळे काळी आणि बुळबुळीत झाली होती का, हे आपण लिहिलेले नाही. परंतु आधी तरारणे, मग पिवळे पडणे आणि शेवटी देठ कुजणे हा क्रम इतका ओळखीचा आहे की कारणाविषयी मला फारशी शंका वाटत नाही. पाटाची कड आणि पागोळ्यांचे डबके या दोन्ही जागा ओल्याच, पण पाटाचे पाणी चालते असते आणि डबक्यातले बसलेले. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती हवा मातीच्या कणांमधल्या पोकळीत असते आणि पाणी तुंबले की ती पोकळी भरून जाते. मग पाण्यात विरघळलेला थोडासा प्राणवायू मुळे आणि मातीतले जीवजंतू मिळून लवकरच संपवून टाकतात. वाहत्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू येत राहतो म्हणून पाटाच्या कडेची वेल जुलैच्या धारेतही टिकते, आणि आपल्या परसातल्या वेलीची मुळे मात्र गुदमरून कुजतात. पहिले पंधरा दिवस ती तरारली ती कापलेल्या वेलीत साठलेल्या बळावर. त्या तरारण्यावरून जागा मानवली असा निष्कर्ष कोणीही काढील, मीही काढला होता.

मात्र पुढचे सगळे सांगण्याआधी आपली ब्राह्मी कोणती हे ठरवले पाहिजे, कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती वावरतात आणि पाण्याच्या बाबतीत त्यांचे स्वभाव जुळत नाहीत. पहिली म्हणजे मंडूकपर्णी, जिला मराठीत कारिवणा असेही नाव आहे. तिचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बारीक कंगोरे असलेले. देठ जिथे जोडतो तिथे खाच. जमिनीवर धावणाऱ्या बारीक तांबूस वेलीच्या प्रत्येक पेराशी मुळे फुटतात आणि तिथूनच लांब देठाची पाने उभी राहतात. फुले इतकी लहान आणि पानांखाली इतकी लपलेली असतात की अनेकांनी ती कधी पाहिलेलीच नसतात. ही कोथिंबीर, ओवा आणि जिरे यांच्या कुळातली. पान चुरगळले की त्या कुळाचा मंद वास येतो. दुसरी नीरब्राह्मी. तिची पाने नखाएवढी, मांसल, चमच्याच्या आकाराची आणि देठावर समोरासमोर. फुले पांढरी किंवा फिकट जांभळी. चव चांगलीच कडू. पाटाच्या कडेला सावलीत माजणारी आणि वेलीने पसरणारी म्हणजे बहुधा मंडूकपर्णी असणार, असे धरून मी उत्तर देतो.

नीरब्राह्मीच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून वरची हवा खाली मुळांपर्यंत पोचते. म्हणून ती चिखलात, तळ्याच्या काठावर आणि उथळ पाण्यातही सुखाने वाढते. आपल्या त्याच डबक्यात तिची काडी खोचली असती तर कदाचित हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती. मंडूकपर्णीकडे ही सोय इतकी नाही. तिला ओली पण श्वास घेणारी माती हवी.

नावाचा हा गोंधळ जुना आहे. केरळातले वैद्य ब्राह्मी म्हणून नीरब्राह्मीच घेतात, इतरत्र पुष्कळ ठिकाणी मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणतात, आणि चरकाच्या चार मेध्य (बुद्धी वाढवणाऱ्या) रसायनांत स्वरस घ्यायला सांगितला आहे तो स्पष्ट शब्दांत मंडूकपर्णीचा. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ तयार करवला त्यातही ती आहे. त्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांनी १६७५ साली दिलेली नागरी लिपीतली साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या घराण्यांची माणसे ही, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव निघाले की थोडे जास्तच बोलले जाते. मीही तेच करतो आहे. पुढे १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने मंडूकपर्णीला हायड्रोकोटाइल एशियाटिका म्हटले आणि १८७९ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अर्बन याने ती सेंटेला या वंशात नेली. हा तपशील बागाईतदाराच्याही कामाचा आहे, कारण रोपवाटिकांत हायड्रोकोटाइल नावाचीच दुसरी एक शोभेची वनस्पती सर्रास ब्राह्मी म्हणून विकली जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे: तिच्या पानाला खाच नसते आणि देठ छत्रीच्या दांड्यासारखा पानाच्या मध्यभागी खालून जोडलेला असतो. ती दिसायला सुरेख, वाढायला जोमदार, पण आपल्याला हवी ती ही नव्हे. माहेरच्या पाटावरून वेल आणणे हेच उत्तम.

आता जागेविषयी, आणि माझ्या मते सगळे इथेच ठरते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत चिऱ्याच्या कुंपणावरही शेवाळ आणि नेचे उगवतात, तेव्हा जुलैमध्ये ओलसर जागा शोधणे म्हणजे समुद्रात मीठ शोधण्यासारखे आहे. खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे या काळात होते. आपली जांभ्याची माती भोकाभोकांची. वरून पडलेले पाणी ती झरझर खाली सोडते आणि शिमग्यानंतर तिच्यावरून चालले तर पायाखाली विटेचा चुरा वाजल्यासारखी वाजते. म्हणून मंडूकपर्णीची जागा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास परसात फिरून निवडावी. त्या वेळी जिथे माती बोटाने सहज उकरता येते, जिथे न्हाणीघराच्या भिंतीचा किंवा विहिरीच्या कठड्याचा गारवा आहे, जिथे सकाळचे कोवळे ऊन येते आणि दुपारी केळीची, माडाची किंवा पेरूची सावली पडते, ती जागा मनात ठेवावी. मग पावसाळ्यात तीच जागा पुन्हा पाहावी आणि सर थांबल्यावर तासाभरात तिथले पाणी निघून जाते की नाही एवढेच तपासावे. दोन्ही परीक्षांना उतरणारी जागा सापडली तर अर्धे काम झाले. पावसाळ्याच्या परीक्षेत ती नापास झाली तर उपाय आहे, एप्रिलच्या परीक्षेत नापास झाली तर मात्र दर उन्हाळ्यात आपल्याला तिच्या मागे कळशी घेऊन धावावे लागेल.

सावलीचे प्रमाण पानांवरूनच कळते. भर उन्हात पाने लहान, जाड, आखूड देठाची आणि कडेला तांबूस होतात. गर्द सावलीत देठ लांबतात आणि पाने मोठी पण पातळ, फिकट राहतात. दोन्हींच्या मधली, तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढी, हिरवीगार आणि किंचित ताठ पाने आली म्हणजे ऊन-सावली जुळली असे समजावे.

वाफा करताना मी आमच्याकडच्या जुन्या माडवाल्यांची युक्ती वापरतो. माडाच्या आळ्यात ओल टिकावी म्हणून नारळाची सोडणे पुरण्याची पद्धत किनाऱ्यावर सगळीकडे आहे. तीच इथे लहान प्रमाणात करायची. सुमारे एक फूट खोल आणि दोन हात रुंद चर खणावा, लांबी आपल्या जागेप्रमाणे. तळाशी सोडणांचा एकच थर, पोकळ बाजू वर करून, एकमेकांना चिकटून लावावा. सोडणे ताजी असतील तर आधी आठवडाभर पाण्यात टाकून ठेवावीत आणि ते तांबडे पाणी फेकून द्यावे, नाहीतर त्यातला तुरट अंश कोवळ्या मुळांना सोसत नाही. हा थर पावसाळ्यात जादा पाणी अडवत नाही, कारण दोन सोडणांच्या फटींतून ते खाली जाते; पण उन्हाळ्यात दिलेले पाणी मात्र काथ्यात धरून ठेवतो. त्यावर दोन भाग परसातली तांबडी माती, एक भाग शेतातला किंवा पाट उपसताना निघालेला गाळ आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. नुसती तांबडी माती ओल धरत नाही आणि नुसता गाळ पावसात चिखल होऊन उन्हाळ्यात भेगाळतो. दोन्ही मिळून एकमेकांचे दोष झाकतात. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच असावा, कडेला चिरे लावावेत आणि उताराच्या बाजूला दोन चिऱ्यांमध्ये पाणी निघायला वाट ठेवावी. पागोळ्यांची धार वाफ्यावर थेट पडता कामा नये. माझा पहिला वाफा त्या एका चुकीमुळे एका रात्रीत धुऊन गेला होता आणि सकाळी वेली तुळशीवृंदावनाच्या पायरीशी सापडल्या होत्या.

आपली माती थोडी आम्ल असते, पण मंडूकपर्णीला ती चालते. चुना घालण्याची गरज मला कधी वाटली नाही. खताविषयी हात आखडता ठेवावा. वर्षातून दोनदा, दसऱ्याच्या सुमारास आणि शिमग्यानंतर, कुजलेल्या शेणखताचा किंवा पालापाचोळ्याच्या खताचा बोटभर थर वेलींमधल्या मोकळ्या जागेत पसरला की पुरे. ताजे शेण, कोंबडीखत आणि युरिया यांनी पाने दिपवण्याइतकी मोठी होतात, पण ती पाणचट असतात, लवकर कुजतात आणि गोगलगायींना फार आवडतात.

लावणीची वेळ हा आपल्या प्रश्नातला दुसरा मुद्दा. मृगावर लावण्याची आपली सवय भातापासून आली आहे आणि बहुतेक झाडांना ती लागू पडते. पण जमिनीलगत पसरणाऱ्या या नाजूक वेलीवर जून-जुलैचा पाऊस सरळ आपटतो, माती उडून पानांवर बसते, आणि मुळे धरण्याआधीच पेरे उघडी पडतात किंवा गाळाखाली जातात. मी चवथीनंतर, पाऊस सरींवर आला की लावतो आणि नवरात्र संपेपर्यंत काम उरकतो. त्या वेळी माती भरपूर ओली असते, ऊन परत आलेले असते, आणि कडक उन्हाळा यायला अजून चार-पाच महिने असतात. तेवढ्यात वेल सगळा वाफा व्यापते आणि स्वतःच्याच पानांनी मातीवर सावली धरते. ही सावली मार्चमध्ये कोणत्याही आच्छादनापेक्षा जास्त उपयोगी पडते. बियांच्या वाटेला जाऊ नये; त्या बारीक असतात आणि उगवायला फार वेळ घेतात. तीन-चार पेरांचे, मुळे फुटलेले तुकडे कापून एकमेकांपासून वीतभर अंतरावर आडवे ठेवावेत आणि फक्त मुळांवर माती दाबावी. वेल पुरायची नाही, टेकवायची. पेरावर बोटभर माती चढली की ते पेर कुजते.

पहिले दोन आठवडे माती सुकू देऊ नये. पुढे डिसेंबरपर्यंत दोन दिवसांआड, जानेवारीपासून रोज संध्याकाळी आणि मे महिन्यात गरज पडल्यास सकाळीही पाणी द्यावे. दुपारी पाने माना टाकतात म्हणून घाबरू नये. सूर्य कलल्यावर ती उठली तर सगळे ठीक आहे. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या, जवळच्या गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी मचूळ होते, आणि त्या पाण्याने मंडूकपर्णीच्या पानांच्या कडा करपतात. फोंड्यात आपल्याला ती अडचण येऊ नये. तिसवाडी-सालसेतच्या किनारी गावांतील वाचकांनी मात्र त्या दोन महिन्यांसाठी नळाचे पाणी वापरावे, किंवा सरळ नीरब्राह्मी लावावी, कारण थोडासा खारेपणा तिला सोसतो.

कीड म्हणावी अशी फारशी पडत नाही. गोगलगायी हाच मुख्य त्रास, त्यातही शंखाची मोठी आफ्रिकी जात. वाफ्याजवळ रात्री एक ओली फळी टाकून ठेवावी आणि सकाळी ती उलटून खाली जमलेल्या वेचाव्यात. राखेची रेघ पावसात टिकत नाही. लव्हाळा लहान असतानाच गाठीसकट काढावा. पिवळ्या फुलांची वेडेलिया ही शोभेची वेल आजूबाजूला असेल तर तिला वाफ्याच्या दोन हात लांबच ठेवावे. ओलसर जागा ती वर्षभरात गिळून टाकते.

आता ज्याविषयी आपण विचारलेले नाही, पण ज्याशिवाय शेवटच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही असे सांगतो. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यात सुपाऱ्या कुजवणाऱ्या रोगासाठी, पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा सुमारे दीड महिन्याने बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणात १०० लिटर पाण्यामागे एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना असतो. घोसांवर मारलेले ते पाणी खाली गळते आणि पोफळीखाली जे काही हिरवे असेल त्यावर बसते. मोरचुदात तांबे असते. पावसाने पाने धुऊन निघाली तरी ते मातीत उतरते आणि वर्षानुवर्षे साठत राहते. माझ्या कुळागरात सर्वांत देखणी मंडूकपर्णी पोफळींच्या दोन ओळींमध्ये आहे, आणि एका वर्षी तिच्या पानांवर निळसर पांढरे ठिपके दिसेपर्यंत मला हे सुचले नव्हते. तेव्हापासून ती मी फक्त रोपांसाठी ठेवतो आणि खायची वेगळी, केळींच्या सावलीत लावतो. माहेरचा पाट पोफळींमधून जात असेल तर तिथली पाने आणून थेट चटणी करू नये. वेल आणून स्वच्छ मातीत लावावी आणि नव्याने आलेली पानेच खावीत.

याच न्यायाने मोरीचे सांडपाणी, शोषखड्ड्याची कड, रस्त्यालगतचे गटार आणि डिचोली-सांग्याकडे खाणींच्या ढिगाऱ्यांवरून येणारे व्हाळ या जागा खाण्याच्या ब्राह्मीसाठी वर्ज्य समजाव्यात. नीरब्राह्मी तर पाण्यातले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू आपल्या अंगात साठवते हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. ती गटारात तजेलदार दिसते म्हणून ती चांगली, असे होत नाही. जिथे गुरे पाण्यात उतरतात तिथली पाने कच्ची खाऊ नयेत, कारण यकृतातील चपट्या कृमींची अवस्था अशा पाणवनस्पतींना चिकटलेली असू शकते. पावसाळ्यात वाफ्यात काम करताना पायाला जखम असेल तर बूट घालावेत. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू त्याच वाटेने शिरतो.

खाण्याविषयी बोलायचे तर स्वच्छ जागची मंडूकपर्णी ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी भाजीच आहे. कारवारकडे कन्नडमध्ये तिला ओंदेलगा, म्हणजे एक पानाची, म्हणतात आणि ओले खोबरे, मिरे, जिरे व ताक घालून तिची तांबळी करतात. आमच्या घरी खोबरे, हिरवी मिरची आणि चिंच घालून चटणी होते. आठवड्यातून दोन-तीनदा, घरात मूठभर पाने, एवढे प्रमाण मला योग्य वाटते. रोज सकाळी वाटीभर रस पिण्याचा जो प्रघात अलीकडे दिसतो तो मी सुचवणार नाही. मंडूकपर्णी दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यावर यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थोड्या असल्या तरी आहेत. गरोदर स्त्रियांनी, यकृताचा विकार असलेल्यांनी आणि झोपेची किंवा फिटची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय ती औषध म्हणून घेऊ नये. नीरब्राह्मीने उपाशीपोटी मळमळते आणि काहींना जुलाब होतात, तेव्हा ती तर भाजीच्या हिशेबात धरूच नये.

लावणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी पहिली तोडणी करता येते. कात्रीने देठासकट बाहेरची मोठी पाने कापावीत, वेल ओढू नये. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाने काढली नाहीत तर वाफा पुन्हा लवकर भरतो. दोन-तीन वर्षांनी मधला भाग दाट होऊन पाने लहान पडू लागली की कडेच्या ताज्या वेली घेऊन बाजूला नवा वाफा करावा.

पागोळ्यांच्या त्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. तिथे अळू लावावे, किंवा सिमेंटच्या जुन्या टाकीत चिखल भरून नीरब्राह्मी लावावी. वर चार बोटे पाणी राहिले तरी तिला चालेल, मात्र त्यात गप्पी मासे सोडावेत, नाहीतर डासांची पैदास होईल. येत्या नवरात्रात माहेरी जाल तेव्हा पाटाच्या वरच्या अंगाची, पोफळींपासून दूरची वेल हातभर लांबीची निवडावी, मुळांची माती न झटकता केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून आणावी, आणि त्याच संध्याकाळी लावावी.